कुंकवाखालचं मेण

गुरुवारी शाळा लवकर सुटली होती. अश्विनी दुपारची जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि धडा तिसरा, कान आणि पाण्याचा दाब, पुढं सरकवत होती. धडा कसला, नुसती चित्रं, चित्राखाली दोन-दोन ओळी आणि शेवटी पाच प्रश्न. बावीस वर्षं नववीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईला त्यात काय जड जाणार? पहिले दोन धडे तिनं शेंगा सोलता सोलता उरकले होते. तिसराही तसाच उरकायचा. पण चौदाव्या चित्राखाली एक ओळ आली: कानात प्लग, बोळा, मेण, काहीही घालून पाण्याखाली जाऊ नका. आणि त्याखाली बारीक अक्षरात कारण दिलेलं. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा अडकून बसते, खाली जाल तसा पडदा ताणला जातो आणि फाटतो. फाटलेल्या पडद्यातून गार पाणी आत शिरलं की डोकं गरगरतं, आणि वर कुठं, खाली कुठं, हे माणसाला कळेनासं होतं. अश्विनीनं ओळ वाचली. परत वाचली. हातातली शेंग फोडली आणि दाणे ताटलीत टाकायचे ते टरफलांत टाकले. काळजात चर्र झालं असं तिनं आजवर हजारदा म्हटलं असेल, पण ते आपलं म्हणायचं म्हणून. आत्ता ते खरोखर झालं, डाव्या बरगडीच्या आत, आणि झाल्यावर थांबेना.

"झाला का धडा?" आतून अमृतचा आवाज आला, नाकातून आल्यासारखा. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क होता, पाण्याखालचा, निळ्या कडांचा, आणि अंगात बनियन. सवय व्हावी म्हणून गेले आठ दिवस हा माणूस मास्क लावून बातम्या बघत होता. एमआयडीसीतल्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला, आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात न गेलेला आणि सकाळी तांब्यानं मोजून आंघोळ करणारा अमृत आता पॅसिफिक महासागरात उतरणार होता. बेत सगळा सृष्टीचा, त्यांच्या पोरीचा. ती ऑस्टिनला नोकरीला. "तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली मम्मी, आणि तुम्ही गेलात कुठं? महाबळेश्वर, आणि एकदा कन्याकुमारी," असं म्हणून तिनं कोस्टारिकाचा किनारा शोधून काढला. डिसेंबरचा शेवटचा आठवडा; तेव्हा तिकडचा पाऊस सरलेला असतो आणि पाणी उबदार. ती तिकडून येणार, हे दोघं इथून जाणार, आणि तिघांनी मिळून पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचं, सुपाएवढाले नाही, अंगणाएवढाले मासे बघायला. फ्रिजवर अमृतनं यादी चिकटवली होती. पासपोर्ट, व्हिसा, रजा, मास्क, डॉक्टरचा शिक्का, सगळ्यांपुढं बरोबरची खूण. खूण नव्हती ती फक्त शेवटच्या ओळीपुढं: अश्विनीचा तब्येतीचा फॉर्म. "शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचाय गं," अमृत मास्कमधून म्हणाला. "रविवारी पुण्याच्या तलावात चार मीटर आहे आपलं. फॉर्म नसेल तर ते पाण्यात उतरू देणार नाहीत." अश्विनी म्हणाली, "अहो, ते काढा आधी तोंडावरचं, काही कळत नाही." त्याचं सगळं कळलं होतं तिला. चार मीटर. म्हणजे दोन परस.

परस. किती वर्षांनी आला हा शब्द! तिसगावात विहिरीचं पाणी कुणी मीटरनं मोजायचं नाही. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता आणि त्यांच्या वस्तीवरच्या विहिरीला जानेवारीतही चार परस पाणी होतं, काळंशार. अश्विनी अकरा वर्षांची, छबूताई पंधराची. छबूताई म्हणजे पाण्यातलं जनावर! पाचव्या वर्षी पाठीला वाळका भोपळा बांधून तिला विहिरीत सोडलं, आठ दिवसांत तिनं भोपळा फेकून दिला. मोट रिकामी होते त्या थारोळ्यावरून मुटका मारायची, तर पाणी काठावरच्या बायकांच्या लुगड्यांवर उडायचं आणि बायका शिव्या द्यायच्या. खाली बुडी मारून मूठभर गाळ वर आणायची आणि पोरांच्या नाकापुढं धरायची. "कान दुखत नाही का गं ताई?" असं अश्विनीनं विचारलं होतं, तर म्हणाली होती, "आवंढा गिळायचा, म्हंजी कान सुटतो." कुणी शिकवलं होतं तिला? कुणी नाही. आज लॅपटॉपवरच्या सातव्या चित्रात तेच लिहिलं होतं, गिळा किंवा नाक दाबून हळूच फुंका. जगभरच्या लोकांना जे आता धडे काढून शिकवतात, ते तिसगावातल्या एका पोरीला तिच्या घशानंच सांगितलं होतं. आणि मग तिच्या धाकट्या, हुशार, शाळेत पहिला नंबर काढणाऱ्या बहिणीनं तिच्या कानात बोळा घातला.

त्या दिवशी फुटबॉल तुंबला होता. फुटबॉल म्हणजे मोटारीच्या पाइपाला तळाशी असते ती झडप. खरा शब्द इंग्रजी, फूट-व्हॉल्व्ह, पण सगळा मुलूख तिला फुटबॉलच म्हणतो. तिच्यात पाला-चिंध्या अडकल्या की मोटार पाणी ओढत नाही, आणि मग कुणीतरी खाली जाऊन ते उपसावं लागतं. हे काम गड्याचं, छगनचं. पण छगन बैल घेऊन घोडेगावच्या बाजाराला गेलेला, त्याच्याबरोबर दादाही, म्हणजे त्यांचे वडील, बन्सी. वीज दुपारी चारपर्यंतच होती आणि गहू मान टाकायला लागला होता. आई म्हणाली, "छबे, तूच जा." छबूताईचा कान आदल्या रात्रीपासून जरासा ठणकत होता. आईनं त्यात लसणीचं तेल सोडलं होतं, म्हणून दोघी घरातून निघाल्या तेव्हा आई अश्विनीला एवढंच म्हणाली, "हिच्या कानात पानी जाऊ देऊ नको गं." बस्स, एवढंच. कापसाचा बोळा घातला असता तर काही बिघडलं नसतं, भिजून निघून गेला असता. पण अश्विनी हुशार ना! कापसातून पाणी झिरपतं हे तिला माहीत होतं. मेणातून झिरपत नाही हेही माहीत होतं. देवळीत आईची डबी होती, कुंकवाखाली लावायच्या मेणाची. तिनं ते सगळं मेण खरवडून काढलं, तेलाच्या कापसात मळलं, दोन गोळ्या केल्या आणि विहिरीच्या काठावर छबूताईला बसवून दोन्ही कानांत अंगठ्यानं दाबून दाबून बसवल्या. "लई घट झालं गं," छबूताई म्हणाली होती. "घटच पाहिजे," अश्विनी म्हणाली होती. हे तिला शब्दाला शब्द आठवत होतं. छबूताईनं हसून मान हलवली, तिला काही ऐकू आलं नव्हतं.

शुक्रवारी तिचा नववी ब वर तास होता, आणि योग बघा, धडा होता दाबाचा. दरवर्षी ती घरून पत्र्याचा डबा नेते, खोबरेल तेलाचा, त्याला एकाखाली एक तीन भोकं. डब्यात पाणी ओतायचं. वरच्या भोकातून धार पडते ती पायाशी, मधल्यातून थोडी लांब, आणि खालच्यातून अशी जोरात की पहिल्या बाकावरच्या पोरी किंचाळतात. खोली वाढते तसा दाब वाढतो, फळ्यावर लिहायचं, चौकट करायची. बावीस वर्षं. आज तिनं पाणी ओतलं आणि पहिल्या बाकावरच्या आरतीनं हात वर केला. "मॅडम, मग माणूस खोल गेला तर त्याच्या कानाला काय होतं?" अश्विनीच्या तोंडून उत्तर आलं, ते आधीच तयार असल्यासारखं आलं, "ते परीक्षेला नाही." पोरगी खाली बसली. डबा रिकामा होत होता आणि खालची धार हळूहळू आखूड होत भिंतीला चिकटत होती, आणि अश्विनी खडू हातात धरून तशीच उभी राहिली. कारण हा प्रश्न आज पहिल्यांदा आला नव्हता. दरवर्षी कुणीतरी विचारतं. दर वर्षी ती म्हणते, ते परीक्षेला नाही. इतर प्रश्नांना ती असं म्हणत नाही. ज्वारीच्या कणसापासून चंद्रापर्यंत पोरांनी काहीही विचारावं आणि मॅडमनी तास संपेपर्यंत सांगत राहावं, असं तिचं नाव आहे शाळेत. मग ह्याच प्रश्नाला का? म्हणजे माहीत होतं का मला? तिनं स्वतःला विचारलं. डब्याचं भोक आणि ताईचा कान ह्या दोन गोष्टी बावीस वर्षं तिच्या डोक्यात शेजारी शेजारी होत्या, आणि त्या एकमेकींना भेटू नयेत म्हणून कुणीतरी मधे उभं होतं. ते कोण? अळीमिळी गुपचिळी करून बसलेली ती अकरा वर्षांची पोर? का ही सेहेचाळीस वर्षांची बाई, जी लोकांना मार्क देते?

त्या पोरीनं काय पाहिलं होतं ते ती विसरलेली नाही. छबूताई खाली गेली. पाण्यावर बुडबुडे आले, थांबले. मोजायची सवय होती तिला. तिनं चाळीसपर्यंत मोजलं, एरवी ताई पस्तीसला वर यायची. पन्नास. मग पाण्याखाली पांढरट काहीतरी हललं, ते वर यायचं सोडून भिंतीकडं गेलं, आणि मग, देवा, खाली गेलं. परत खाली! ती किंचाळली. साठाला पाइप थरथरला. छबूताईच्या हाताला पाइप लागला होता आणि ती पाइप धरून चढत चढत वर आली. डोकं बाहेर आलं तर डोळे असे फिरत होते, आणि पायरीवर बसायचं ते ती पायरीच्या शेजारी बसायला गेली. ओकली. डाव्या कानातला बोळा पाण्यात निसटला होता आणि तिथून रक्ताची बारीक रेघ गळ्यावर आली होती. छबूताईनं आपल्या परकराचा ओला काठ कानाला दाबून धरला तर तांबडं सगळीकडं पसरलं. उजव्या कानातला बोळा तसाच होता. तो अश्विनीनं नखानं उपसून काढला आणि पाण्यात फेकला. का फेकला? मेण संपवलं म्हणून आई मारेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं, असं ती आजवर स्वतःला सांगत आली. मेण बुडत नाही. ओरडा ऐकून वस्तीवरच्या बायका धावत आल्या, आक्काबाई सगळ्यांत पुढं. आणि सगळा वेळ त्या दोन पिवळट गोळ्या काळ्या पाण्यावर तरंगत होत्या, आणि अश्विनी त्यांच्याकडं बघायचं नाही म्हणून विहिरीला पाठ करून उभी होती. कुणाचंच लक्ष गेलं नाही. सगळ्यांचं लक्ष परकराकडं. आक्काबाईनं परकर बघितला, विहिरीच्या कपारीतले शेंदूर लावलेले सात दगड बघितले, पाण्यातल्या देवता, साती आसरा, आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली, "झुंबरे, पोर बाहेरची हुती का गं? बाहेरची आसताना पान्यात उतरली का? मग आसरा सोडत्यात व्हय?"

छबूताई नाही नाही म्हणत राहिली. दहा दिवस तिला उभं राहता येत नव्हतं, भिंत धरून मोरीवर जायची, आणि भिंत धरून म्हणायची, "आई, मी न्हवते गं बाहेरची." आईनं विश्वास ठेवला नाही. रक्त सगळ्यांनी पाहिलं होतं. महिनाभरानं नगरच्या डॉक्टरनं बॅटरी घालून बघितलं आणि सांगितलं, डावा पडदा फाटलाय, तर आई बाहेर येऊन म्हणाली, "फाटलाय ते खरं, पन फाडला कुनी?" पुढं सगळं ओघानं आलं. शाळा सुटली, कारण भोवळ यायची. विहिरीला पाय लावायचा नाही असं आईनं ठरवलं, आणि तेही छबूताईनं पाळलं. जी पोर पाण्याशिवाय राहत नव्हती ती त्यानंतर एकदाही पोहली नाही. लग्नाला जागा येत, कुणीतरी कानाशी लागे, "आसरांचं हाय," आणि पाहुणे चहा पिऊन निघून जात. चोविसाव्या वर्षी तिसगावातच, बायको वारलेल्या आदिनाथला दिली. माणूस चांगला निघाला ते नशीब. आणि दर वर्षी ती माहेरच्या विहिरीवर जाते, सात खण, हिरव्या बांगड्या, दहीभात, आणि काठावर नाक घासून माफी मागते. अश्विनी? अश्विनी नगरला शिकली. तिच्या वाटणीचं खुरपणं, शेण, पाणी, सगळं छबूताईनं ओढलं, वाकल्यावर भोवळ येत असतानाही. बी. एड.च्या वर्षी डब्यात लाडू पाठवले होते तिनं. ते आठवलं आणि अश्विनीला स्वतःची घाण वाटली, सरळ सरळ घाण. शुक्रवारी संध्याकाळी तिनं फॉर्म उघडला. कानाचा त्रास, पडद्याला इजा, शस्त्रक्रिया? नाही. चक्कर, तोल जाणं? नाही. सगळी उत्तरं 'नाही'च होती आणि सगळी खरी होती. ज्या माणसाच्या कानाचं विचारायला हवं ते त्यात विचारलेलं नव्हतं. खाली ओळ होती, वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे पूर्ण व खरी आहे, आणि सहीची जागा. पूर्ण. तिनं लॅपटॉप मिटला. अमृत म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? बूड टेकवून पाच मिनिटांचं काम." ती म्हणाली, "उद्या तिसगावला जाऊन येते." "आत्ता? उद्या?" "उद्याच."

एसटीत तिला खिडकी मिळाली. भिंगार गेलं, करंजीचा घाट आला. घाटात गाडी वळायला लागली तसे तिचे कान बुजले, आणि ती आवंढा गिळायला घाबरली. काय सांगायचं? सांगून काय होणार? ताईचा कान परत येणार आहे? पन्नास वर्षांची बाई आपल्या घरात शांत आहे, तिला कशाला उकरायचं? हे सगळं ती स्वतःशी बोलली, आणि फार छान बोलली, स्टाफरूममध्ये बोलते तसं. मग दुसरं काहीतरी आत म्हणालं, तुला भीती आहे ती ताईच्या शांततेची नाही. तुझ्यावर जगात कुणीतरी एकच माणूस बिनहिशेबी माया करतं, ते उद्यापासून करणार नाही, ही भीती. ही खरी होती. तिला उतरून परतीची गाडी धरावीशी वाटली. तिसगावला कंडक्टरनं दोनदा हाक मारली तेव्हा ती उठली.

छबूताई अंगणात लाल कांद्याच्या ढिगापुढं बसली होती, विळ्यानं पात कापत. "आगं बया! आशे! शाळंला सुट्टी हाय का काय?" ती उठायला लागली, अश्विनीनं खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि सवयीनं उजव्या बाजूला बसली. छबूताईच्या घरी सगळे उजव्या बाजूला बसतात. आदिनाथ रानात होता. चहा झाला, पोराबाळांचं झालं. "तुमचं पाव्हनं फोनवर सांगत हुते," छबूताई खुशीत आली, "समिंदरात बुड्या मारनार म्हनं तुमी. पाठीला नळकांडं बांधून. आमी बाई भोपळा बांधायचो!" हसताना तिचे डोळे तेव्हासारखेच बारीक झाले. मग कमरेची पिशवी काढून तिनं एक कागदाची पुडी अश्विनीच्या ओटीत टाकली. "हळदकुकू हाय. पान्यात उतरायच्या आदी सोड. अमुशाला मी इहिरीवर जाऊन आले. आसरांना म्हनलं, माजी चूक माज्यापाशी, धाकटीला सांबाळा." अश्विनी पुडीकडं बघत राहिली. "ताई, तुझी कुठली चूक?" "आता काय सांगू? आदी म्हनायचे, मी न्हवते बाहेरची. पन सगळी म्हनत्यात म्हनल्यावर... माजं मलाच कळलं नसंल गं त्या दिवशी. नवंनवं हुतं तवा." ती कांदा उचलून परत कापायला लागली. म्हणजे पस्तीस वर्षांत त्यांनी तिच्याकडून हेही काढून घेतलं होतं.

"ताई, मेण होतं ते," अश्विनी म्हणाली. "काय?" "मेण. मी तुझ्या कानात घातलं होतं. आईचं, कुंकवाखालचं." "ते मला म्हाईत हाय की. माज्याच कानात घातलंस न्हवं?" छबूताई सहज म्हणाली. "मी बोलले न्हाई कुनाला. आईनं तुला चाबकानं फोडली आसती." अश्विनीला एकदम हुंदका आला, तो तिनं दाबला, कारण रडून चालणार नव्हतं, पुरतं सांगायचं होतं. आणि तिनं सांगितलं. बावीस वर्षं जे परीक्षेला नाही म्हणत होती ते सगळं सांगितलं, विळ्याशेजारचा एक कांदा उचलून, त्याचा पापुद्रा सोलून, हा बघ, असा पडदा असतो, इकडं मेण, इकडं तू आवंढा गिळत होतीस. एरवी बाहेर पाणी असतं, आतून तू हवा भरतेस, जमून जातं. त्या दिवशी मधे माझा बोळा होता. जितकं खाली गेलीस तितका पडदा ओढला गेला आणि फाटला. बोळा निघाला, गार पाणी आत शिरलं, आणि म्हणून तुला वर-खाली कळेना. आसरा नाही, बाहेरचं नाही, काही नाही. रक्त कानाचं होतं, मी बघितलं होतं. मी गप्प बसले. बोलताना पापुद्रा तिच्या बोटात फाटला.

छबूताईचा विळा थांबला होता. शेजारच्या गोठ्यातली गाय दावं ओढत होती. "म्हंजी," ती म्हणाली, "मी न्हवते." "नव्हतीस." "मी न्हवते बाहेरची." "नाही गं ताई." "मी न्हवते!" ह्या वेळी ती ओरडली, पार रस्त्यापर्यंत जाईल एवढ्यानं, आणि उठून उभी राहिली तर भोवळ आली, खांब धरला. "आईला सांगत हुते मी. भिंतीला धरून सांगत हुते. तू तितंच बसलेली आसायचीस, पाडे पाठ करत. आशे, तू तितंच हुतीस!" अश्विनीनं फाटका पापुद्रा खाली ठेवला. "पस्तीस वर्सं नाक घासलं मी दगडाम्होरं. तू शिकलीस. शाळंत शिकीवतीस. तुला आज कळलं?" "गुरुवारी कळलं," अश्विनी म्हणाली, आणि मग तिला ते खोटं वाटलं, "का कुणास ठाऊक ताई, आधीही कळत असेल. मी बघितलं नाही तिकडं." "आक्काबाई मेली," छबूताई म्हणाली. "आई मेली. दादा गेले. आता कुनाला सांगू मी? कुनाला जाऊन सांगू?" ती अश्विनीपुढं वाकली आणि ओटीतली पुडी उचलून घेतली. "ही दे हिकडं. जा तू. गाडी चुकंल तुजी."

अश्विनी उठली नाही. उठलं तर संपलं, एवढं तिला कळत होतं. त्यात पर्समधला फोन वाजला. अमृत. वाजून थांबला, परत वाजला. "उचल की," छबूताई म्हणाली. अश्विनीनं उचलला नाही, तेव्हा छबूताईनं स्वतःच घेतला, उजव्या कानाला लावला. पलीकडून अमृतचा आवाज अंगणात ऐकू येत होता. "अगं, फॉर्म? सहा वाजेपर्यंतच आहे, काय लिहायचं ते सांग, मी भरतो." छबूताईनं अश्विनीकडं बघितलं. डोळे कोरडे होते आणि त्यांत असं काही होतं की अश्विनीनं मान खाली घातली. "पाव्हनं, मी छबू बोलतीया. ल्हिवा. तिच्या कानाला काय झालेलं न्हाई. तिला काय बी झालेलं न्हाई." आणि फोन बंद कसा करतात ते न कळून तिनं तो तसाच कांद्यांवर ठेवून दिला. अमृत थोडा वेळ हॅलो हॅलो करत राहिला.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. छबूताई परत ढिगापुढं बसली होती, पण कापत नव्हती. गेलेल्या दोन गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. "आशे," ती म्हणाली, ढिगाकडं बघतच, "ते लोक काय करत्यात मग? कानाचं? तेवडं खोल गेल्यावर?" "तू करायचीस तेच. गिळायचं. नाहीतर नाक दाबून हळूच फुंकायचं, कान सुटेपर्यंत. जोरात नाही." "आसं?" छबूताईनं विळा बाजूला ठेवला. कांद्याच्या रसानं चिकट झालेल्या दोन बोटांत नाक धरलं, डोळे मिटले, गाल फुगवले. अश्विनी सरकली, उठून पलीकडं गेली, तिच्या डाव्या बाजूला, जिथं ह्या घरात कुणी बसत नाही, आणि आपलं तोंड तिच्या कानाशी नेलं. आधी काही नाही. मग आतून एक बारीक सुर्र आली, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तशी, आणि जरासा वारा अश्विनीच्या गालाला लागला. तिनं श्वास धरला. सुर्र संपेपर्यंत ती हलली नाही.

छबूताईनं नाक सोडलं. "आवाज आला का गं?" तिनं विचारलं.

"आला."

"मला न्हाई आला," ती म्हणाली. "नुस्तं गार लागलं."

आणि तिनं परत नाक धरलं.